जंताचं तोंड आणि जंताचा डीएनए : गाढवा-घोड्यांचे कृमी सिक्वेन्सवरून कसे ओळखायचे

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. कधी गेला असाल तर बघितलं असेल, व्यापारी सगळ्यात आधी गाढवाचा ओठ वर करतो आणि दात बघतो, दुवान आहे की चौवान आहे की अखंड, आणि मगच भावाची बोलणी सुरू होतात. जंतांच्या बाबतीत आपणही शंभर-सव्वाशे वर्षं हेच करत आलोय. १९०० च्या सुमारास कैरोत जंतांचे अभ्यासक आर्थर लूस यांनी इजिप्तच्या गाढवा-घोड्यांच्या आतड्यातले बारीक जंत एकेक करून मायक्रोस्कोपखाली धरले आणि त्यांच्या तोंडाच्या पोकळीवरून, तोंडाभोवतीच्या पाकळ्यांच्या कड्यावरून वेगळे केले. आज आपल्याकडे पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) आहे, सिक्वेन्सिंग (त्या तुकड्यातली अक्षरं क्रमाने वाचणं) आहे, तरी माझं म्हणणं एवढंच आहे की डीएनए काढायच्या नादात तोंड बघायचं सोडू नका. कारण सिक्वेन्स म्हणजे नुसती चार अक्षरांची माळ, तिला नाव देतो तो कोणीतरी आधी नीट बघून ओळखलेला जंतच.

हे मी लिहितोय ते व्हेटर्नरीच्या पीजीच्या पोरांसाठी, आणि ज्यांच्याकडे साधी पीसीआर मशीन आहे पण सुरुवात कुठून करायची कळत नाही अशांसाठी.

आधी हे का करायचं ते. घोडा-गाढवाच्या लिदीत स्ट्रॉन्जाइल या आतड्यातल्या जंतांच्या मोठ्या गटाची अंडी सापडली की रिपोर्टवर आपण "स्ट्रॉन्जाइल पॉझिटिव्ह" लिहून मोकळे होतो, कारण अंडी सगळी सारखीच दिसतात, लांबट गोल, पातळ कवचाची, आत पेशींचा घोस. पण त्या एका शब्दाच्या मागे साठेक जाती दडलेल्या असतात. स्ट्रॉन्जायलस व्हल्गॅरिस असेल तर त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत जाऊन बसतात, धमनीची भिंत सुजते, गुठळी होते आणि जनावर पोटशुळाने लोळायला लागतं. सायथोस्टोमिन म्हणजे छोटे स्ट्रॉन्जाइल असतील तर त्यांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत गाठी करून महिनोन्महिने दबा धरून बसतात, आणि फेनबेंडाझोलसारख्या बेंझिमिडाझोल औषधांना हे छोटे जंत आता जगभर दाद देत नाहीत. म्हणजे रोग वेगळा, औषध वेगळं, धोका वेगळा, आणि आपल्या कागदावर मात्र एकच शब्द. त्यात गाढव हे बिचारं सोशिक जनावर, पोटात ढीगभर जंत घेऊन वीटभट्टीवर दिवसभर राबतं आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही. फुफ्फुसातला जंत डिक्टायोकॉलस आर्नफिल्डी गाढवात गपचूप राहतो आणि शेजारी बांधलेल्या घोड्याला खोकला लावतो. एवढं सगळं असून गाढवांच्या जंतांवर काम घोड्यांच्या मानाने फारच कमी झालंय, हे मला मनापासून खटकतं.

आता कामाला लागू. सगळ्यात जास्त चुका सॅम्पल घेतानाच होतात, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

लीद थेट गुदाशयातून ग्लोव्ह घालून घ्या, नाहीतर डोळ्यांदेखत पडलेल्या ताज्या लिदीच्या गोळ्याचा मधला भाग घ्या, जमिनीला टेकलेला अजिबात नको. कारण मातीत मोकळे राहणारे सूत्रकृमी लिदीत शिरतात, आणि आपले प्रायमर (पीसीआरला कुठला भाग वाढवायचा ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे) इतके सर्वसमावेशक आहेत की त्यांचाही डीएनए वाढवून देतात, मग तुम्ही आठवडाभर डोकं खाजवत बसता की हा कुठला नवा जंत सापडला. झिपलॉक पिशवीत भरून आतली हवा दाबून काढा, हवा नसली की अंडं वाढत नाही. पिशवी बर्फाच्या डब्यात, घरी आल्यावर फ्रीजमध्ये, पण कल्चर करायचं असेल तर गोठवू नका. मार्च-एप्रिलमध्ये भट्टीवर सॅम्पल घेऊन डबा टपावर ठेवलात तर लॅबला पोचेपर्यंत अंडी फुटलेली असतील. आणि मालकाला विचारून, समजावून घ्या. "मामा, पोटात कुठल्या जातीचे जंत आहेत ते बघतोय, आठवड्यात सांगतो" असं म्हणा आणि खरंच सांगा, पुढच्या वेळी तेच मामा तुम्हाला दहा गाढवं धरून देतील.

लिदीची अंडी आधी मोजून घ्या. ४ ग्रॅम लीद, ५६ मिली मिठाचं संपृक्त पाणी, गाळून मॅकमास्टर स्लाइडमध्ये (अंडी मोजायची दोन खान्यांची काच) भरायचं, दोन्ही खान्यांत मिळून जितकी अंडी दिसतील त्याला ५० ने गुणलं की एका ग्रॅममधली संख्या. हे जुनं वाटेल, पण अंडी किती आहेत ते माहीत असल्याशिवाय डीएनए निघाला नाही तर दोष कुणाचा हे कळत नाही.

त्यानंतर अळ्या काढायच्या. लीद ओलसर ठेवून २५ ते २७ अंशाला १० ते १४ दिवस, मग बेअरमन पद्धतीने, म्हणजे लीद जाळीत धरून, कोमट पाण्यात अळ्या खाली उतरवायच्या. तिसऱ्या अवस्थेतल्या अळीच्या आतड्यातल्या पेशी मोजल्या की पहिला अंदाज इथेच येतो, बहुतेक छोट्या स्ट्रॉन्जाइलच्या अळीत ८ मोठ्या पेशी, व्हल्गॅरिसमध्ये २८ ते ३२. आयोडीनचा थेंब टाका, अळी मरून सरळ होते आणि पेशी स्पष्ट दिसतात. पण ८ पेशीवाल्या सगळ्या अळ्या पुढे एकसारख्याच, तिथे डोळा हरतो आणि डीएनएचं काम सुरू होतं.

पूर्ण वाढलेले जंत मिळाले तर सोन्याहून पिवळं. पोस्टमॉर्टेमला गेलात तर सीकम, व्हेंट्रल कोलन आणि डॉर्सल कोलन या मोठ्या आतड्याच्या तीन भागांतले जंत वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या, एकत्र कालवू नका, कारण प्रत्येक जातीची राहायची जागा ठरलेली असते. सायलिकोसायक्लस नासाटस आणि सायथोस्टोमम कॅटिनॅटम हे जास्त करून व्हेंट्रल कोलनमध्ये, सायलिकोस्टेफॅनस लाँजिबर्सॅटस डॉर्सल कोलनमध्ये. ही माहिती नंतर सिक्वेन्स शंकास्पद आला की साक्षीदारासारखी उपयोगी पडते. पोस्टमॉर्टेम नसेल तर जंताचं औषध दिल्यावर पुढचे एक-दोन दिवस पडलेली लीद धुऊन-गाळून जंत वेचता येतात, काम किळसवाणं आहे पण जनावर जिवंत राहतं.

जंत ठेवायचे ते इथेनॉलमध्ये, ७० टक्के चालतं, ९० च्या वर असेल तर उत्तम. फॉर्मॅलिन नको म्हणजे नकोच. एका ठिकाणी मला मोठ्या आनंदाने गाढवाच्या जंतांची काचेची बरणी दाखवली होती, वर्षानुवर्षं जपलेली, सगळे जंत सुंदर दिसत होते आणि सगळे फॉर्मॅलिनमध्ये. सहा वेळा वेगवेगळ्या पद्धतीने प्रयत्न केला, जेलवर एक रेघ उमटली नाही. फॉर्मॅलिन डीएनएला प्रथिनांशी बांधून टाकतं आणि तुकडे तुकडे करतं. ती बरणी आठवली की अजून वाईट वाटतं. लेबल पेन्सिलने कागदावर लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळून जाते आणि मग बाटलीत अनोळखी जंत उरतो.

आता मुद्द्याची गोष्ट, एक जंत कसा कापायचा. समजा तुमच्यासमोर पेट्री डिशमध्ये एक सेंटिमीटरचा पांढुरका जंत आहे, जाड दोऱ्याच्या तुकड्यासारखा. नवीन ब्लेड घ्या, प्रत्येक जंताला वेगळं. डोकं आणि शेपूट बाजूला ठेवायचं आणि मधला तीन-चार मिलिमीटरचा तुकडा डीएनएला घ्यायचा. मादी असेल तर मधल्या भागात तिच्या अंड्यांचा गच्च साठा असतो, त्या अंड्यांत नराचाही डीएनए असतो, म्हणजे तुम्ही एकाचा म्हणून दोघा-तिघांचा सिक्वेन्स वाचता आणि त्याच्या आलेखात शिखरांवर शिखरं येतात. म्हणून शक्यतो नर निवडा, नाहीतर मादीचा अन्ननलिकेच्या लगेच मागचा तुकडा घ्या. डोकं आणि शेपूट लॅक्टोफिनॉलमध्ये टाका, थोड्या वेळात पारदर्शक होतं, मग कव्हरस्लिप हलक्या हाताने सरकवून डोकं गोल फिरवा. तोंडाच्या पोकळीची भिंत किती जाड, बाहेरच्या कड्यात पाकळ्या किती, आतल्या कड्यातल्या किती आणि किती खोलवर रुजलेल्या, हे बघून किल्लीवरून (एकेक लक्षण तपासत जातीपर्यंत नेणारा तक्ता) नाव काढा. नराच्या शेपटाकडची बर्सा (मादीला धरायचा पसरट पडदा) पण बघा. व्हल्गॅरिस असेल तर तोंडाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखे दोन गोलसर दात दिसतील, एकदा दिसले की आयुष्यभर विसरत नाही. फोटो काढा, स्लाइडला नंबर द्या, तोच नंबर डीएनएच्या ट्यूबला. हा सगळा खटाटोप म्हणजे व्हाउचर, सिक्वेन्सच्या मागचा जपून ठेवलेला पुरावा, आणि व्हाउचर नसलेला सिक्वेन्स माझ्या मते अर्धाच.

डीएनए काढणं त्या मानाने सोपं. तुकड्यातलं इथेनॉल आधी पाण्यात भिजवून काढून टाका, राहिलं तर पुढची एन्झाइम रुसतात. मग लायसिस बफर आणि प्रोटिनेज के, ५६ अंशाला रात्रभर, सकाळी कॉलम किटमधून नेहमीसारखं. शेवटी ३० ते ५० मायक्रोलिटरमध्येच उतरवा, एका जंतात डीएनए असतो तो किती, २०० मध्ये उतरवलात तर पाणीच हाती येईल. थेट अंड्यांपासून करायचं असेल तर कवच फुटत नाही हा त्रास असतो, म्हणून अंडी २० ते २५ मायक्रॉनच्या चाळणीवर गोळा करून धुवा, दोन-तीनदा गोठवा-वितळवा किंवा बारीक मण्यांबरोबर जोरात हलवा. लिदीतले पदार्थ पीसीआरला अडवतात, तर मिक्समध्ये थोडं बीएसए (अडथळा कमी करणारं प्रथिन) घाला आणि डीएनए दहा पट पातळ करूनही एक ट्यूब लावा, पुष्कळदा पातळ केलेलीच चालते.

कुठला जीन घ्यायचा? सुरुवातीला आयटीएस२. हा रायबोसोमच्या जीन्समधला दोन जीन्सच्या मधे अडकलेला छोटा तुकडा, एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात म्हणून एका अळीतूनही वाढवता येतो, आणि एकाच जातीत फारसा बदलत नाही पण जातीजातींत बदलतो. त्याचे एनसी१ आणि एनसी२ हे प्रायमर १९९३ मध्ये मेलबर्नच्या गॅसर आणि सहकाऱ्यांनी दिले आणि आजही सगळे तेच वापरतात. माझा प्रोग्राम सरळ आहे, ९४ अंशाला ५ मिनिटं, मग ९४, ५५, ७२ अंश प्रत्येकी ३० सेकंद असे ३५ फेरे, शेवटी ७२ ला ५ मिनिटं. दीड टक्का अ‍ॅगारोज जेलवर साडेतीनशे बेस पेअरच्या आसपास एक स्वच्छ पट्टी यायला हवी. प्रत्येक वेळी एक ट्यूब नुसत्या पाण्याची आणि एक डीएनए काढतानाच्या कोऱ्या सॅम्पलची लावाच लावा, त्यात पट्टी आली तर बाकी सगळं फेकून द्यायची तयारी ठेवा. आणि हो, पट्टकृमी अ‍ॅनोप्लोसिफाला किंवा पर्णकृमींना हे प्रायमर नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे घ्यावे लागतात.

पट्टी आली की साफ करून दोन्ही बाजूंनी सँगर सिक्वेन्सिंगला पाठवा. एकाच बाजूने करून पैसे वाचवायचा मोह होतो, करू नका, दोन्ही वाचनं एकमेकांवर ठेवली की चुका आपोआप उघड्या पडतात.

फाइल आली की आधी क्रोमॅटोग्राम, म्हणजे रंगीत शिखरांचा आलेख, डोळ्याने बघा, नुसती अक्षरं कॉपी करून ब्लास्टला (जुळणारे जुने सिक्वेन्स शोधून देणारी सोय) टाकू नका. सुरुवातीची वीस-तीस अक्षरं गढूळ असतात, ती कापा. मधे कुठे एकाच जागी दोन रंगांची शिखरं दिसली तर एकतर दोन जंतांची सरमिसळ, नाहीतर त्याच जंताच्या आयटीएस प्रतींमधला खराखुरा फरक. दुसरं असेल तर दोन्ही बाजूंच्या वाचनात त्याच जागी दिसतं. मग सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण विसरतात, आयटीएस२ च्या दोन्ही टोकांना शेजारच्या जीन्सचे तुकडे आलेले असतात आणि ते जवळजवळ सगळ्या जातींत सारखेच असतात, ते कापून टाका. नाही कापलंत तर ब्लास्ट तुम्हाला भलत्याच जातीशी भरघोस साम्य दाखवेल आणि तुम्ही खुश होऊन नाव लिहून टाकाल.

ब्लास्टमध्ये सगळ्यात वरचं नाव म्हणजे उत्तर नव्हे. पहिले दहा-पंधरा निकाल उघडा, साम्याच्या टक्क्याबरोबर तुमच्या सिक्वेन्सचा किती भाग जुळला ते बघा, तो सिक्वेन्स कुठल्या जनावरातून आला, नुसत्या अळीवरून नाव दिलंय की पूर्ण जंत ओळखून, हे वाचा. जीनबँक या सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात कुणीही नोंद करू शकतं आणि चुकीच्या नावाची एक नोंद झाली की पुढचे सगळे तिलाच जुळवून नाव देत जातात. वरच्या निकालांत दोन-तीन वेगळी नावं सारख्याच टक्क्याने आली तर जातीचं नाव लिहू नका, वंशापर्यंत थांबा. यात कमीपणा काही नाही.

मग झाड काढायचं, म्हणजे कुठला सिक्वेन्स कुणाच्या जवळचा ते दाखवणारी वंशावळ. तुमचे सिक्वेन्स आणि विश्वासाचे संदर्भ सिक्वेन्स एकत्र करून माफ्ट किंवा मसल या प्रोग्रामने अलाइन करा (जुळणारी अक्षरं एकाखाली एक लावा), आयटीएस२ मध्ये मधेच अक्षरं गळतात-वाढतात त्यामुळे अलाइनमेंट हाताने एकदा तपासा. मेगा हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात मॅक्झिमम लाइकलीहुड झाड, बूटस्ट्रॅप (फांदी किती भक्कम ते तपासायला झाड पुन्हा पुन्हा काढणं) १०००. छोट्या स्ट्रॉन्जाइलच्या झाडाला मुळाशी बांधायला स्ट्रॉन्जायलस घेता येतो. बूटस्ट्रॅप ७० च्या खाली असलेल्या फांदीवर मी काहीही ठामपणे बोलत नाही. त्याबरोबर एकाच जातीतलं अंतर किती आणि दोन जातींमधलं किती याचा तक्ता करा, या दोन आकड्यांमधे मोकळी जागा दिसली तरच जाती खऱ्या अर्थाने सुटल्या म्हणायच्या.

सगळीकडे ती मोकळी जागा मिळत नाही. सायलिकोस्टेफॅनस मिन्युटस या एका नावाखाली एकापेक्षा जास्त जाती लपल्यात असं सिक्वेन्सवरून दिसलंय. सायलिकोस्टेफॅनस कॅलिकॅटस आणि कोरोनोसायक्लस कोरोनेटस यांचे सिक्वेन्स एकमेकांत गुंततात. अशा वेळी दुसरा जीन लागतो, मायटोकॉन्ड्रियातला सीओआय, हा आयटीएसपेक्षा भराभर बदलतो. सगळीकडे चालणारे फोल्मरचे प्रायमर सूत्रकृमींत कधीकधी दगा देतात, तेव्हा जंतांसाठी सुधारलेले घ्या. आलेला सीओआय सिक्वेन्स प्रथिनात भाषांतरित करून बघा, पण कोड अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा निवडा, मधेच स्टॉप (प्रथिन इथे संपलं अशी खूण) आला तर वाचनात चूक आहे किंवा तो खरा जीनच नाही.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे सिक्वेन्सपेक्षा जुनी रीतच भारी पडते. शिंगरांच्या पोटातला मोठा गोल जंत पॅरास्कॅरिस. याच्याच अंड्यांवर १८८३ साली बेल्जियमच्या व्हॅन बेनेडेन यांनी बघितलं की अंड्यात आई-बापाकडून गुणसूत्रं निम्मी-निम्मी येतात, सगळ्या जीवशास्त्राला पुरेल एवढी मोठी गोष्ट घोड्याच्या जंताने शिकवली. त्याच्या दोन जाती मानतात, युनिव्हॅलेन्समध्ये गुणसूत्रांची एकच जोडी आणि इक्वोरममध्ये दोन. दिसायला दोन्ही सारखे, नेहमीच्या जीन्सचे सिक्वेन्सही भरवशाने वेगळे करत नाहीत, पण वाढत्या अंड्याला रंग देऊन गुणसूत्रं मोजली की निकाल हातात. अलीकडे जिथे जिथे मोजलं तिथे बहुतेक युनिव्हॅलेन्सच निघालाय, आणि आपण सवयीने रिपोर्टवर इक्वोरम लिहीत राहतो. मोजलं नसेल तर नुसतं पॅरास्कॅरिस लिहा.

एका गाढवात पंधरा-वीस जाती एकत्र नांदत असतात, प्रत्येक जंत वेगळा सिक्वेन्स करणं परवडत नाही, तेव्हा शेकडो अळ्यांचा डीएनए एकत्र काढून आयटीएस२ चं मेटाबारकोडिंग करतात, याला नेमाबायोम म्हणतात. इल्युमिना मायसेक या सिक्वेन्सिंग मशीनवर दोन्हीकडून २५० अक्षरं वाचली की आपला तुकडा मधे जुळतो, पुढचं काम डाडा२ या प्रोग्रामने होतं. बाजाराच्या ठिकाणी हे फार मोलाचं, जेजुरीला काठेवाडी गाढवं येतात आणि इथली गावठी गाढवं पण असतात, जनावराबरोबर जंतही गाव बदलतात आणि औषधाला न जुमानणारे जंतही. फक्त एक लक्षात ठेवा, ४० टक्के रीड (मशीनने वाचलेले तुकडे) म्हणजे ४० टक्के जंत नव्हेत, मोठ्या अंगाच्या आणि जास्त प्रती असलेल्या जाती जास्त आवाज करतात. त्यामुळे एकाच गाढवाचं औषधाआधीचं आणि १४ दिवसांनंतरचं चित्र शेजारी ठेवा, कुठली जात गेली आणि कुठली टिकून राहिली ते त्यातून कळतं, आणि मालकाला पुढचं औषध सांगताना तेच कामाला येतं.

शेवटचं काम सिक्वेन्स जमा करणं. जीनबँकला टाकताना जनावर गाढव, घोडा की खेचर ते स्पष्ट लिहा, "इक्वाइन" एवढंच लिहून सोडू नका. तालुका, तारीख, आतड्याचा भाग, नर की मादी, अळी की पूर्ण जंत, आणि व्हाउचर स्लाइडचा नंबर. उरलेला डीएनए उणे २० ला ठेवा, स्लाइडच्या कडांना नेलपॉलिश लावून बंद करा आणि डब्यावर तोच नंबर टाका. पुढे कधी कुणी लिहून विचारलं की तुमचा हा कॅटिनॅटम खरंच कॅटिनॅटम आहे का, तर कपाटातून स्लाइड काढून पुन्हा एकदा त्याचं तोंड बघता आलं पाहिजे, आणि नाव चुकलेलं निघालं तर नोंद त्याच दिवशी दुरुस्त करा.